निळ्या उजेडात लाल दिसणारी गाठ : मेंदूच्या ऑपरेशनमधलं ‘चमकणारं औषध’ काय करतं आणि काय करत नाही

जानेवारी २०१८मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये टेसा जॉवेल बोलायला उभ्या राहिल्या. २०१२चं ऑलिम्पिक लंडनला आणण्यात मोठा वाटा असलेल्या या माजी मंत्री. आदल्या वर्षी त्यांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक जहाल कॅन्सर, निघाला होता. नवे उपचार कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो, यावर त्या बोलल्या. मे महिन्यात त्या गेल्या, आणि लगोलग ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, की मेंदूची गाठ ऑपरेशनच्या वेळी चमकवणारं औषध आता इंग्लंडमधल्या सगळ्या ब्रेन कॅन्सर केंद्रांत मिळेल. तोवर ते जेमतेम निम्म्या केंद्रांत वापरलं जायचं. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘पिंक ड्रिंक’ असं पाडलं.

आपल्याकडे ही बातमी अधूनमधून फिरून येते, बहुतेकदा एका वाक्यात: औषध प्यायचं, गाठ चमकते, डॉक्टर ती अचूक काढतात. या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा बऱ्याच वेळा खरा ठरतो. तिसरा मात्र जपून घ्यायला हवा. घरात कुणाला नुकतंच ‘ब्रेन ट्यूमर’ असं सांगितलं गेलं असेल, तर हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

या गाठीला कड नसते

मेंदूतल्या सगळ्या गाठी सारख्या नसतात. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो. तो मेंदूला बाहेरून दाबतो आणि बऱ्याचदा बऱ्यापैकी वेगळा काढता येतो. ग्लायोमाचं तसं नाही. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्या जातकुळीतून ही गाठ उगवते. वाढताना ती आसपासच्या मेंदूला बाजूला सारत नाही, त्याच्या आत शिरते. मध्यभागी गाठच गाठ, थोडं बाहेर गाठ आणि मेंदू मिसळलेले, आणखी बाहेर मेंदूत विखुरलेल्या चार-दोन वाईट पेशी. ग्लायोमाच्या चार प्रतींपैकी (ग्रेड) सर्वांत जहाल, म्हणजे चौथ्या प्रतीत मोडणारा, तो ग्लायोब्लास्टोमा.

सर्जन ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली करतो. पांढऱ्या उजेडात गाठीचा मध्य ओळखू येतो: रंग जरा करडा, कुठे रक्ताळलेला, कुठे सडका, हाताला वेगळा. कडेला आलं की हा फरक पुसट होत जातो आणि मग पुसूनच जातो. स्तनाची गाठ काढताना भोवतालचा थोडा निरोगी भाग जादा काढला तर फारसं बिघडत नाही. मेंदूत तो जादाचा सेंटिमीटर म्हणजे कुणाचं बोलणं, कुणाचा उजवा हात.

शिवाय जास्त कापलं की आजार संपतो, असंही नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली एक थरारक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लायोमामुळे ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती अशा रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल त्यांनी पूर्ण काढून टाकला. अर्धा मेंदू गेला, तरी आजार परत आला. गाठीच्या पेशी तोवर पलीकडे पोहोचलेल्या असतात.

मग ऑपरेशन करायचं तरी कशाला? एक तर डोक्यातला दाब उतरतो. दुसरं, मागे जितकं कमी उरेल तितकं रेडिएशनला, म्हणजे लोक ज्याला शेक किंवा लाइट देणं म्हणतात त्याला, आणि किमोला कमी काम उरतं. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्राने २००१ साली ४१६ रुग्णांचा हिशेब मांडला. एमआरआयवर दिसणारी गाठ ९८ टक्के किंवा अधिक निघालेले रुग्ण मध्यकाने सुमारे १३ महिने जगले, बाकीचे सुमारे ९ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. आकडे लहान आहेत. पण या आजारात महिन्यांचाच हिशेब असतो, हे घरच्यांना सांगताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवू नये असं मला वाटतं.

रंग प्यायला देत नाहीत, कच्चा माल देतात

बातम्यांत ‘डाय’ म्हणजे रंग म्हणतात ते औषध ५-एएलए: ५-अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड. खरं तर त्याला स्वतःला चमक नाही. ते आपल्या शरीरातही रोज तयार होतं.

रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनच्या गाभ्यात लोह धरून ठेवणारा एक रेणू असतो, त्याला हीम म्हणतात. हीम फक्त रक्तालाच लागतं असं नाही. ऊर्जा तयार करण्यासाठी जवळजवळ प्रत्येक पेशी ते थोडं थोडं बनवते. हे काम आठ टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडतो तो पदार्थ म्हणजे ५-एएलए. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचा रेणू तयार होतो. शेवटच्या टप्प्यात एक विकर, म्हणजे पेशीतलं काम पुढे ढकलणारं प्रथिन, त्या प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवतं आणि हीम पुरं होतं.

इथे पेणचा गणपतीचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. माती साच्यात जाते, मूर्ती निघते, घासली जाते, रंगते आणि अगदी शेवटी आखणी होते: डोळे काढले जातात. हे काम हात बसलेल्या कारागिरांचंच. एरवी मालक ऑर्डरी बघून माती मागवतो, त्यामुळे कारखान्यात कुठेच तुंबत नाही. आता समजा, मालकाला न विचारता शाडूचे ट्रकच्या ट्रक दारात ओतले. ज्या कारखान्यात आखणीचे कारागीर पुरेसे आहेत तिथला माल पुरा होऊन बाहेर पडेल. ज्या कारखान्यात ते कमी आहेत तिथे रंगवलेल्या, पण डोळे न आखलेल्या मूर्तींची रांग लागेल.

५-एएलए प्यायला देणं म्हणजे ही माती ओतणं. एरवी शरीर पहिल्याच टप्प्यावर लगाम ठेवतं; औषध थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करून देतं. निरोगी मेंदूच्या पेशींत मुळात ते कमी शिरतं. जहाल ग्लायोमाच्या पेशींत ते भरपूर शिरतं आणि तिथे लोह बसवणाऱ्या विकराचं काम मंदावलेलं असतं. म्हणून प्रोटोपॉर्फिरिन तिथे साचत जातं.

आणि चमकतं ते हे प्रोटोपॉर्फिरिन. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत टाकतात, त्याला फ्लुओरेसन्स म्हणतात. कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि तिच्यातले तंतू उजळतात, तो हाच गुण. प्रोटोपॉर्फिरिनवर सुमारे ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश टाकला की ते सुमारे ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतं. लोह बसून हीम झालं, की ही चमक जाते. म्हणजे चमकतो तो अर्धवट राहिलेला माल.

यातली खुबी अशी, की गाठीला बाहेरून काही रंग लावलेला नाही. गाठीच्या पेशींनी तो स्वतः बनवलेला आहे. त्यामुळे कडेच्या मिसळलेल्या पट्ट्यातही, पेशी पुरेशा दाट असतील तर, तो दिसतो.

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ही युक्ती म्युनिकच्या डॉक्टरांनी आधीच वापरायला घेतली होती. त्याच शहरातल्या वॉल्टर श्टुमर या न्यूरोसर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मेंदूत आणली आणि १९९८मध्ये पहिल्या नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

मग खराखुरा रंग कोणता?

तो त्याहून जुना आहे आणि आपल्याकडच्या अनेकांच्या अंगात जाऊन आलेला आहे. मधुमेहामुळे पडदा खराब झालाय का ते बघायला डोळ्यांचे डॉक्टर हाताच्या शिरेत पिवळं इंजेक्शन देऊन फोटो काढतात. ते फ्लुओरेसीन.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बेयर यांनी ते १८७१मध्ये बनवलं. सहा वर्षांनी त्याचा उपयोग झाला तो नदीचा तंटा सोडवायला. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी उन्हाळ्यात चुनखडीच्या जमिनीत गडप होतं. ते जातं कुठे? १८७७मध्ये १० किलो फ्लुओरेसीन त्या पाण्यात सोडलं आणि सुमारे ६० तासांनी डझनभर किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमातून हिरवं चमकतं पाणी बाहेर आलं. आखचं पाणी ऱ्हाइनला मिळतं. म्हणजे एका नदीचं पाणी जमिनीखालून दुसऱ्या नदीत गळत होतं.

मेंदूतही हा रंग गळतीच शोधतो. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिसलं होतं, की प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. त्यांना वाटलं, मेंदूला रंग चढतच नाही. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३मध्ये उलटं केलं: रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, बाकी शरीर कोरं. म्हणजे दोहोंमध्ये काहीतरी आडवं होतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातल्या बहुतेक गोष्टी बाहेर झिरपत नाहीत. याला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. जहाल गाठीत ही तटबंदी फुटते, आणि फ्लुओरेसीन तिथे झिरपून साचतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉर्ज मूर यांनी १९४८मध्ये मेंदूच्या गाठी शोधायला फ्लुओरेसीन वापरल्याचं लिहिलं. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. गाठ नेमकी कुठे आहे हेच कवटी उघडल्यावर शोधायला लागायचं. कल्पना चांगली होती, पण तो उजेड नीट पाहता येईल असे मायक्रोस्कोप यायला पुढे कित्येक दशकं गेली.

दोन्हींतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५-एएलए पेशीच्या आतलं बिघडलेलं काम दाखवतं. फ्लुओरेसीन फुटलेली तटबंदी दाखवतं. तटबंदी तर सर्जनच्या चिमट्यानेही फुटते. त्यामुळे हात लागलेल्या निरोगी भागातही पिवळं दिसू शकतं, आणि ऑपरेशन लांबलं की हा घोळ वाढतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) प्रत्यक्ष काय होतं

५-एएलएची पूड दीड ग्रॅमच्या बाटलीत येते. ती ५० मिलिलिटर साध्या प्यायच्या पाण्यात विरघळवतात. मात्रा वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाने त्यातलं ४० मिलिलिटर प्यायचं: टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी. हे भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी, कारण पेशींना माल साठवायला तेवढा वेळ लागतो. ‘पिंक ड्रिंक’ म्हणत असले तरी पेय गुलाबी नसतं; गुलाबी दिसते ती गाठ.

कवटी उघडल्यावर बराचसा वेळ काम नेहमीच्या पांढऱ्या उजेडातच चालतं. मग सर्जन मायक्रोस्कोपचं बटण दाबून निळा उजेड लावतो आणि खोलीतले दिवे मंद करतात. भिंगापुढची एक चाळणी तो निळा उजेड जवळपास सगळा अडवते, म्हणून मेंदू गडद निळा दिसतो आणि त्यात गाठीचा गाभा भडक लाल. कडेकडे जाल तसं हे लाल फिकं होत गुलाबी होतं. लाल म्हणजे जवळजवळ सगळी गाठ. गुलाबी म्हणजे गाठ आणि मेंदू मिसळलेले.

ऐकायला सोपं वाटतं, पण निळ्या उजेडात रक्तस्राव नीट दिसत नाही, म्हणून सारखं पांढऱ्यावर यायला लागतं. रक्ताचा पातळसा थर आला तरी लाल चमक झाकली जाते. आधी धुवायचं, मग बघायचं. उजेड ऊतीत मिलिमीटरभरही नीट उतरत नाही, म्हणजे पृष्ठभागाखाली काय दडलंय ते कळत नाही. कपारीच्या आड, जिथे मायक्रोस्कोपची नजर पोहोचत नाही, तिथली गाठ चमकत असूनही दिसणार नाही. आणि निळा उजेड फार वेळ मारला की प्रोटोपॉर्फिरिन विटतं, चमक उतरते. अनुभवी सर्जन म्हणूनच ती नजर जपून वापरतो.

फ्लुओरेसीनचं तंत्र सुटसुटीत: भूल देताना शिरेतून इंजेक्शन, आणि मायक्रोस्कोपवर पिवळी चाळणी. या चाळणीतून बाकीचा मेंदू बऱ्यापैकी नैसर्गिक दिसतो, त्यामुळे काम न थांबवता करता येतं. बऱ्याच सर्जनना ते आवडतं ते यासाठीच.

‘एमआरआय आहे, कॉम्प्युटर नॅव्हिगेशन आहे, मग हे कशाला?’

नॅव्हिगेशन म्हणजे ऑपरेशनआधीचा एमआरआय कॉम्प्युटरमध्ये भरून, सर्जनचं हत्यार मेंदूत कुठे आहे ते पडद्यावर दाखवणं. कामाची गोष्ट आहे, पण तो नकाशा कवटी बंद असतानाचा. कवटी उघडली, आतलं पाणी वाहून गेलं, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू जागचा हलतो आणि खाली बसतो. हा सरकाव काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभरही असू शकतो. नकाशा जुना, जागा नवी. चमक मात्र त्या क्षणीच्या ऊतीतूनच येत असते.

ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढण्याची सोय असलेल्या ओटी आहेत, पण त्या उभारायला प्रचंड खर्च येतो. त्याहून आवाक्यातला उपाय म्हणजे मेंदूवरच सोनोग्राफीचा प्रोब टेकवणं. उजेड पृष्ठभाग दाखवतो, सोनोग्राफी खोलीतलं दाखवते. टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जननी नॅव्हिगेशनला जोडलेली सोनोग्राफी आणि ५-एएलए या दोन्हींवर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत, आणि एकाच साधनावर सगळी मदार ठेवू नये असा त्यांचा सूर आहे. मला तो पटतो.

यामुळे माणूस जास्त जगतो का?

या प्रश्नाला बातम्या बगल देतात. जर्मनीत श्टुमर यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निकाल २००६मध्ये आले. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती: काहींचं ऑपरेशन ५-एएलए देऊन, काहींचं नेहमीच्या पांढऱ्या उजेडात. २७० रुग्णांच्या हिशेबात, एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली असे रुग्ण ५-एएलएच्या गटात ६५ टक्के, दुसऱ्या गटात ३६ टक्के. सहा महिन्यांपर्यंत गाठ पुन्हा वाढली नाही असे एका गटात ४१ टक्के, दुसऱ्यात २१ टक्के. ऑपरेशनमधल्या एका सुधारणेने इतका फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे.

पण एकूण आयुष्य? मध्यक १५.२ महिने आणि १३.५ महिने. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. नंतर त्याच चाचणीतल्या, गाठ पूर्ण निघालेल्या आणि न निघालेल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा १६.७ विरुद्ध ११.८ महिने असं दिसलं. तिथेही जपून: ज्याची गाठ सोयीच्या जागी आहे त्याचीच ती पूर्ण निघते, आणि तो तसाही जरा जास्त जगण्याची शक्यता असते.

म्हणून मान्यतांची भाषा नीट वाचावी. युरोपने २००७मध्ये आणि अमेरिकेने २०१७मध्ये हे औषध मंजूर केलं ते ऑपरेशनच्या वेळी जहाल गाठ दिसावी म्हणून. उपचार म्हणून नव्हे. कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेचा २०१८चा सल्लाही मोजका आहे: जहाल ग्लायोमाचा संशय असेल आणि एमआरआयवर उठून दिसणारी गाठ सगळी काढता येईल असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाला वाटत असेल, तर ५-एएलए द्यावं. ऑपरेशननंतरचं रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे किमोचं औषध चुकत नाही.

लाल दिसलं की कापायचं?

नाही. हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. चमक ‘इथे गाठ आहे’ एवढंच सांगते. ‘हे काढलं तर चालेल’ हे ती सांगत नाही. बोलण्याचं केंद्र किंवा हातापायाकडे जाणारे तंतू गाठीने वेढलेले असतील, तर तेही लालच दिसणार.

जर्मन चाचणीतच याची झलक दिसली होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत अशक्तपणा, बोलण्यातली अडचण असे त्रास ५-एएलएच्या गटात जास्त जणांचे वाढले. तीन महिन्यांपर्यंत हा फरक जवळपास उरला नाही. पण बोध व्हायचा तो झाला. आता अशा नाजूक जागी सर्जन विजेच्या सौम्य स्पर्शाने मेंदू तपासत जातात. कधी रुग्णाला मध्येच जागं करतात, चित्रं दाखवून नावं विचारतात, हात हलवायला सांगतात. त्याचं बोलणं अडखळलं, की समोर लाल असलं तरी हात थांबतो. तेवढी गाठ मागे ठेवणं हा सर्जनचा पराभव नसतो.

आणि लाल दिसलं नाही तर?

तरीही गाठ नाही असं म्हणता येत नाही. विखुरलेल्या पेशी इतक्या विरळ असतात, की त्यांचा उजेड डोळ्याला जाणवतच नाही. दुसरं म्हणजे, सावकाश वाढणाऱ्या दुसऱ्या प्रतीच्या ग्लायोमात तटबंदी फुटलेली नसते आणि माल फारसा साचत नाही. त्यातल्या बहुतेक गाठी चमकतच नाहीत. अशा गाठीत मध्येच एखादा ठिपका लाल दिसला, तर तो जास्त जहाल झालेला भाग असण्याची शक्यता असते, आणि तपासणीसाठी तुकडा तिथून घेणं शहाणपणाचं.

उलटा घोटाळाही होतो. रेडिएशन घेऊन झाल्यावर गाठ परत आली म्हणून दुसऱ्यांदा ऑपरेशन करायला जावं, तर कधी कधी सूज आलेला, रेडिएशनने खराब झालेला भागही चमकतो.

त्रास काय होऊ शकतो

प्रोटोपॉर्फिरिन थोडं कातडीतही साचतं, म्हणून काही काळ प्रखर उजेडाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. युरोपातली सूचना २४ तास जपण्याची, अमेरिकेतली ४८ तासांची. म्हणजे अंधारकोठडी नव्हे. थेट ऊन आणि अंगावर मारलेला झगझगीत दिवा टाळायचा. उजेडाने कातडीवर परिणाम करणारी इतर औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स, त्या काळात नकोत. ती चालू असतील तर आधीच सांगावं. मळमळ, रक्तदाब उतरणं, यकृताच्या तपासणीचे आकडे काही काळ वाढणं, हेही दिसतं. पॉर्फिरिया नावाच्या दुर्मीळ आजारात शरीर मुळातच असा अर्धवट माल साठवतं. त्या रुग्णांना हे औषध देत नाहीत. गरोदरपणातही नाही.

फ्लुओरेसीनने कातडी काही तास पिवळट होते आणि लघवी दिवसभर गर्द पिवळी. कावीळ झाली म्हणून नातेवाइकांची धावपळ होऊ नये, म्हणून हे आधीच सांगायला हवं. क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. डोळ्यांच्या तपासणीत या इंजेक्शनचा आधी त्रास झाला असेल, तर तो भूलतज्ज्ञाच्या कानावर घालणं तुमचं काम.

आपल्याकडे काय निवडायचं

५-एएलए महाग आहे आणि सगळीकडे सहज मिळत नाही. शिवाय नुसती बाटली आणून भागत नाही, मायक्रोस्कोपला निळ्या उजेडाची खास जोडणी लागते. फ्लुओरेसीन डोळ्यांच्या दवाखान्यांमुळे शहरोशहरी मिळतं आणि काही शे रुपयांत काम होतं. त्यालाही चाळणीचा मायक्रोस्कोप हवा, पण खर्चाचा ताण पुष्कळच कमी. मेंदूसाठीची त्याची मूळ मान्यता नाही; ती डोळ्यांसाठी आहे. त्याच्या बाजूचा पुरावाही ५-एएलएइतका भक्कम नाही. इटलीतल्या एका चाचणीत ४६ रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्क्यांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. तरी जिथे पर्याय नुसत्या पांढऱ्या उजेडाचा आहे, तिथे मी स्वस्ताला नाक मुरडणार नाही.

सर्जनशी बोलताना ‘तुमच्याकडे ते चमकणारं औषध आहे का’ हा पहिला प्रश्न असू नये. आधी विचारावं: ही गाठ कोणत्या प्रकारची वाटते, आणि दिसणारी सगळी काढता येईल असं तुम्हाला वाटतं का? एमआरआयमध्ये शिरेतून औषध दिल्यावर गाठ उजळून उठते का, हेही विचारण्यासारखं आहे, कारण उजळणाऱ्या गाठींचीच चमकण्याची शक्यता जास्त. ती उजळत नसेल आणि रिपोर्टमध्ये ‘लो ग्रेड’ असं लिहिलेलं असेल, तर ५-एएलएचा वेगळा खर्च करण्याआधी तो नेमका कशासाठी, हे समजून घ्या. मोठं ऑपरेशन न करता फक्त बायोप्सी ठरली असेल, तर हेतूच बदलतो: तिथे चमक दिसली की सुई गाठीत पोहोचल्याची खात्री लगेच पटते, आणि पुन्हा पुन्हा तुकडे घ्यावे लागत नाहीत.